वाचकांचे प्रश्न : रहस्यकथेला मांडव हवा का?

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या हॅरोगेट या गावी दर वर्षी जुलै महिन्यात भरणाऱ्या रहस्यकथा महोत्सवावर मी एक टिपण लिहिले होते आणि त्याचा शेवट ‘पुण्यात असे काही का होऊ नये?’ या प्रश्नाने केला होता. प्रश्न विचारून मोकळे होणे किती सोपे असते, हे त्यानंतर आलेल्या पत्रांनी चांगलेच दाखवून दिले. काही वाचकांनी अधिक माहिती मागितली आहे, काहींनी माझ्या उत्साहावर पाणी ओतले आहे, तर एका गृहस्थांनी तारीख आणि सभागृह कळवा, खुर्च्या लावायला मी येतो, एवढेच लिहिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि लांबलेली थोडी आखडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपण वर्णन केलेला महोत्सव हा नेमका काय प्रकार आहे? खुनांच्या कादंबऱ्यांसाठी चार दिवस जमून माणसे करतात तरी काय? आणि त्यासाठी हॅरोगेटच का?
— एक निवृत्त ग्रंथपाल, सदाशिव पेठ

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर हीच एक न उलगडलेली रहस्यकथा आहे. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा ख्रिस्ती आपली मोटार घेऊन घराबाहेर पडल्या आणि नाहीशा झाल्या. मोटार सरे परगण्यातल्या न्यूलँड्स कॉर्नर या ठिकाणी बेवारस सापडली, पोलिसांनी आणि स्वयंसेवकांनी आसपासचा परिसर पिंजून काढला, वर्तमानपत्रांनी रोज नवे तर्क छापले, आणि अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, त्या दूर उत्तरेकडच्या हॅरोगेटमधल्या एका जलोपचार हॉटेलात सुखरूप सापडल्या. हॉटेलच्या नोंदवहीत त्यांनी स्वतःचे म्हणून जे आडनाव लिहिले होते, ते त्यांच्या पतीच्या प्रेयसीचे होते. पुढे आत्मचरित्रातही त्यांनी या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर काढले नाही. त्या हॉटेलला आज ओल्ड स्वान म्हणतात आणि २००३ साली सुरू झालेल्या या महोत्सवाचे ते घर आहे.

महोत्सवाच्या नावात ‘थीकस्टन ओल्ड पेक्युलिअर’ असे शब्द येतात, ते प्रायोजक असलेल्या बिअर कारखान्याचे आणि त्याच्या एका बिअरचे नाव आहे. २००५ पासून तेथे वर्षातील उत्तम रहस्य कादंबरीला पुरस्कार दिला जातो आणि विजेत्याला रोख रकमेबरोबर ओकच्या लाकडाचे हाताने कोरलेले छोटे पिंप मिळते. शाल-श्रीफळावर वाढलेल्या आपल्याला त्याची गंमत वाटेल. पण दिवाणखान्यात पिंप ठेवलेले दिसले की पाहुणा त्याविषयी विचारणारच, आणि शालीविषयी कोणी कधी काही विचारल्याचे मला आठवत नाही.

आता तेथे करतात काय, तर मुख्यतः बोलतात. नामवंत लेखकांच्या मुलाखती होतात, चार-पाच लेखकांची एकत्र चर्चा होते, पहिल्या दिवशी लिहू इच्छिणाऱ्यांसाठी कार्यशाळा असते. महोत्सवाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्कॉटिश लेखिका व्हॅल मॅकडर्मिड दर वर्षी काही नवोदित लेखक निवडतात आणि त्यांची ओळख स्वतः व्यासपीठावरून करून देतात. नाव झालेल्या लेखिकेने आपल्या वाचकांसमोर नव्या माणसाचा हात धरून उभे राहायचे, एवढ्या साध्या गोष्टीने एखाद्याच्या पहिल्या पुस्तकाला जो वाचक मिळतो तो शंभर जाहिरातींनी मिळत नाही. मात्र या सगळ्याहून महत्त्वाची जागा मला हॉटेलासमोरची हिरवळ वाटते. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लेखक, प्रकाशक आणि वाचक त्याच हिरवळीवर हातात पेला घेऊन उभे असतात आणि मागच्या कादंबरीत अमक्याला का मारलेत, असा जाब वाचक लेखकाला तोंडावर विचारू शकतो.

हॅरोगेट हे एकच उदाहरण नाही. अमेरिकेत १९७० पासून बाऊचरकॉन नावाचे संमेलन भरते, ते दर वर्षी गाव बदलते आणि वाचकांच्याच स्वयंसेवी श्रमांवर चालते. आपल्या साहित्य संमेलनाशी त्याचे नाते चटकन लक्षात यावे. स्पेनमधल्या खिखोनला १९८८ पासून भरणाऱ्या महोत्सवासाठी माद्रिदहून लेखकांनी भरलेली खास आगगाडी निघते. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला २०१२ पासून भरणाऱ्या महोत्सवात लेखक मशाली घेऊन मिरवणूक काढतात आणि इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड असा रहस्यकथालेखकांचा फुटबॉलचा सामना होतो. फ्रान्समधल्या ल्योंला २००५ पासून भरणाऱ्या महोत्सवात नागरिक कोडे सोडवत शहरभर फिरतात. त्या शहराला तो मान शोभतोही, कारण गुन्ह्याच्या ठिकाणी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी मागे ठेवून जातो आणि काहीतरी बरोबर घेऊन जातो हे सूत्र मांडणाऱ्या एडमंड लोकार यांनी १९१० मध्ये पोलिसांची वैज्ञानिक प्रयोगशाळा तेथेच उघडली होती. भारतातही २०१५ मध्ये दिल्लीत केवळ गुन्हेगारी लेखनासाठी महोत्सव झाला होता.

प्रश्न : दर वर्षी महोत्सव भरवावा एवढे रहस्यलेखन मराठीत आहे तरी का? आमच्या अभ्यासक्रमात तर एकही नाव आले नाही.
— मराठीची विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : अभ्यासक्रमात नाव आले नाही, यावरून लेखन नव्हते असे मानले, तर मराठी माणसाने पन्नास वर्षे रेल्वेच्या डब्यात बसून काय वाचले याचा हिशेब लागणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकांना मराठी अंगरखा चढवला, तेव्हापासून हा प्रवाह वाहतो आहे. बाबूराव अर्णाळकर यांनी एकट्याने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू हे घराघरांत माहीत होते, आणि माहीत नसल्याचे सोंग करणारी वडीलधारी मंडळी दुपारी तेच वाचत असत. गुरुनाथ नाईक यांची पुस्तकेही हजाराच्या पुढे गेली.

पुण्यापुरते बोलायचे तर आपल्याला फार लांब जावे लागत नाही. सुहास शिरवळकर याच शहरात राहून लिहीत होते. आजची पिढी त्यांना महाविद्यालयीन मैत्रीवरच्या एका कादंबरीमुळे ओळखते, पण त्याआधी त्यांचे नाव झाले ते दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांमुळे. शेरलॉक होम्सला अस्खलित मराठी शिकवणारे भालबा केळकर पुण्याचे. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी करणारे विज्ञानाचे प्राध्यापक ते हेच. भयकथेला स्वतःचा वाचकवर्ग मिळवून देणारे नारायण धारप पुण्याचे. अनंत अंतरकर यांची ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही मासिके पुण्यातून निघत, आणि ‘नवल’ने तर चमत्कृती आणि गूढ यांना हक्काची जागा दिली. इंग्रजीत लिहिणाऱ्या मंजिरी प्रभू यांच्या रहस्य कादंबऱ्यांतली सोनिया समर्थ ही जन्मपत्रिकेच्या आधारे तपास करणारी गुप्तहेर पुण्यातच कार्यालय थाटून बसलेली आहे. या लेखिकेनेच २०१३ मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सव सुरू केला, ही गोष्ट मला फार सूचक वाटते: महोत्सव उभा करण्याचे कौशल्य रहस्यकथाकाराकडे आहे, पण रहस्यकथेचा महोत्सव मात्र अजून उभा राहिलेला नाही.

आता कटू भाग. हे सगळे लेखन चांगले आहे, असे मी म्हणणार नाही. एका माणसाने हजार पुस्तके लिहिली की त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांत नायक तोच, खलनायक तोच आणि तळघरही तेच असणार. पुष्कळ कथानके इंग्रजीतून ऋणनिर्देश न करता उचललेली होती. स्त्रिया बहुधा किंकाळी फोडण्यापुरत्या येत. तरीही पहिल्या परिच्छेदात वाचकाची मानगूट पकडण्याची जी हातोटी या लेखकांकडे होती, ती गंभीर म्हणवणाऱ्या कित्येक कादंबरीकारांकडे नव्हती. त्यांना हारही नकोत आणि नाक मुरडणेही नको. हवे आहेत ते त्यांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून कोणते टिकले आणि का, हे बोलणारे वाचक, आणि असे बोलण्यासाठी जागा लागते.

प्रश्न : वेगळा महोत्सव कशाला? साहित्य संमेलनात रहस्यकथेवर एक परिसंवाद ठेवला की काम झाले. उगाच आणखी एक चूल मांडू नये.
— एक नियमित वर्गणीदार, नारायण पेठ

उत्तर : न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यातच ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले आणि त्या परंपरेबद्दल मलाही आदर आहे. पण परिसंवादाचे आपले गणित आपणही जाणता. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, पाच वक्ते, प्रत्येकाला बारा मिनिटे, त्यांतली चार मान्यवरांची नावे घेण्यात जातात, आणि विषय ठरलेला: ‘रहस्यकथा : साहित्य की रंजन?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यातच वेळ जातो आणि सुगावा कुठे पेरावा, संशयित किती असावेत, रहस्यभेद किती पानांत उरकावा, या कामाच्या प्रश्नांवर बोलायला फारशी सवड उरत नाही. इंग्लंडमधल्या लेखकांनी १९३० मध्ये डिटेक्शन क्लब काढला, तेव्हा चेस्टरटन अध्यक्ष होते आणि चर्चा होती ती वाचकाशी प्रामाणिक राहण्याची. त्या मंडळातल्या रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी त्याच सुमारास दहा नियम सांगितले होते. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच येऊन गेला पाहिजे, दैवी शक्तीने उकल करायची नाही, एकाहून अधिक गुप्त वाटा ठेवायच्या नाहीत, आधी सूचना न देता जुळे भाऊ आणायचे नाहीत. या नियमांत आपल्या पत्रिका पाहणाऱ्या सोनियाला बसवायचे की नाही, यावर पुण्यात दोन तास उत्तम भांडण होऊ शकेल, आणि असे भांडण बारा मिनिटांच्या परिसंवादात बसत नाही. चूल वेगळी हवी ती एवढ्यासाठी.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचे छोटे वाचनालय आहे. आम्ही एक दिवसाचा रहस्यकथा महोत्सव करू म्हणतो. निधी बेताचा आहे. काय करावे, काय टाळावे?
— वाचनालयाचे कार्यवाह, हडपसर

उत्तर : या पत्राने मला सर्वांत जास्त आनंद झाला, म्हणून उत्तरही जरा सैल हाताने देतो.

पहिली गोष्ट तारखेची. डिसेंबर टाळावा, सवाई गंधर्व महोत्सव आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून भरणारा पुस्तक महोत्सव यांच्यामध्ये आपण चेंगरून जाल. जानेवारीत चित्रपट महोत्सव असतो. पालख्या पुढे गेल्यावर आणि गणपतीची वर्गणी सुरू होण्याआधी जो पावसाळी रविवार मिळेल तो घ्यावा. बाहेर झड लागलेली आहे, वीज जाते की काय अशी धाकधूक आहे, आणि आत कोणीतरी खुनाची गोष्ट वाचत आहे, याहून चांगली सजावट पैसे देऊनही मिळायची नाही. शिवाय अर्णाळकर आणि शिरवळकर या दोघांचेही निधन जुलै महिन्यातलेच, अनुक्रमे १९९६ आणि २००३ मधले; निमित्त हवेच असेल तर तेही आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत आधी करायची गोष्ट, प्रदर्शनाची. आपल्या रहस्यकथा पॉकेटबुकांच्या रूपाने आल्या, हलक्या कागदावर छापल्या गेल्या, भाड्याच्या वाचनालयांतून हातोहात फिरल्या आणि फाटून रद्दीत गेल्या. प्रतिष्ठित ग्रंथालयांनी त्या जपून ठेवण्याचे कारण नव्हते, कारण त्यांना ग्रंथ मानलेच नव्हते. त्यामुळे आज एखाद्याला अर्णाळकरांवर अभ्यास करायचा म्हटले, तर हजारांतली किती पुस्तके प्रत्यक्ष हाताळायला मिळतील, याची मला धास्ती वाटते. आपल्या सभासदांना माळ्यावरच्या ट्रंका उघडायला सांगा. जे येईल ते टेबलावर मांडा, काचेखाली नव्हे, पण हाताळायला एक माणूस शेजारी बसवून; मुखपृष्ठांची छायाचित्रे घ्या आणि लेखक, नायक, प्रकाशक, वर्ष आणि किंमत यांची वही करा. हॅरोगेटला असल्या वहीची गरज नाही, त्यांच्याकडे पुस्तके पुन्हा पुन्हा छापली जातात. आपल्याकडे महोत्सवाचा पाया ही वहीच असेल.

तिसरी गोष्ट अभिवाचनाची, कारण पुण्यात उत्तम वाचणारी माणसे पैशाला पासरी आहेत. एक कथा घ्यावी, रहस्यभेदाच्या अलीकडे थांबावे, चहा द्यावा, श्रोत्यांकडून चिठ्ठ्यांवर खुन्याचे नाव लिहून घ्यावे आणि मग शेवट वाचावा. चहाच्या वेळात जी चर्चा होईल तीच खरा कार्यक्रम असेल. वक्ता बोलवायचा तर राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि तेथून निवृत्त झालेले अधिकारी याच शहरात फिरायला जातात. एक असा अधिकारी, एक न्यायवैद्यक शिकवणारा डॉक्टर आणि एक फौजदारी वकील, अशा तिघांना एकत्र बसवून एकच काल्पनिक प्रेत त्यांच्यापुढे ठेवावे आणि आपण गप्प बसावे.

पुढे कधी पल्ला वाढला, तर ल्योंसारखी शहरभरची शोधयात्रा काढता येईल, आणि तिची सुरुवात कुठून करायची हे सांगायला नकोच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या खुनात कट आहे, फितूर झालेले पहारेकरी आहेत, ‘ध’ चा ‘मा’ केल्याच्या आख्यायिकेतला कागदातला फेरफार आहे, आणि सत्ताधाऱ्याच्या तोंडावर त्याला दोषी ठरवणारे रामशास्त्री आहेत. हस्ताक्षरतज्ज्ञाची गरज मराठी इतिहासात एवढ्या ठळकपणे पुन्हा कधी लागली नसेल.

टाळायचे एकच: सत्कार.

प्रश्न : अशा महोत्सवात खऱ्या गुन्ह्यांवरची सत्रे हमखास येतात. १९७६–७७ चे दिवस मी या शहरात पाहिले आहेत. त्याची करमणूक व्हावी हे मला सहन होणार नाही.
— एक ज्येष्ठ नागरिक, एरंडवणे

उत्तर : आपला राग मला समजतो आणि तो मला मान्यही आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मालिकेत १० जणांचे प्राण गेले, मारेकरी निघाले ते कलाशिक्षण घेणारे तरुण, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्या काळातले पुणे दिवेलागणीला दारे लावून घेत असे, हे आपल्या पिढीकडून आम्ही ऐकत आलो आहोत. या घटनेवर पुढे नाटक-चित्रपट झाले, लेखन झाले, आणि दर वेळी मारेकऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी बसली.

कल्पित रहस्यकथा आणि खरा गुन्हा यांची सत्रे एका दिवशी, एका सुरात घेऊ नयेत, असे माझे मत आहे. कल्पित कथेत प्रेत हा कोड्याचा पहिला शब्द असतो. त्या प्रेताला घर नसते, श्राद्ध नसते. खऱ्या घटनेत ते असते. म्हणून खऱ्या गुन्ह्यावर बोलायचेच असेल, तर तपासातल्या चुका, न्यायालयात टिकलेला आणि न टिकलेला पुरावा, वृत्तपत्रांचे वर्तन, यांवर बोलावे. मारेकऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाची रसाळ चित्रे काढू नयेत आणि शोधयात्रेत ती घरे दाखवू नयेत. शनिवारवाड्याला अडीचशे वर्षे झाली आहेत, या गोष्टीला अजून एक आयुष्यही पुरे झालेले नाही.

प्रश्न : मी रहस्यकथा लिहीत आहे. पोलीस आणि न्यायालयाचे प्रसंग लिहिताना चुका होतात असे मित्र म्हणतात. काय पाहावे?
— एक अभियंता, बाणेर

उत्तर : सर्वांत आधी ‘कलम ३०२’ खोडा, जर आपली कथा आज घडत असेल तर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे. कथा त्याआधी घडत असेल तर ३०२ राहू द्या. गुन्हा कधी घडला यावर कलम ठरते, आणि या सांध्यावर बेतलेली एखादी चांगली कथा अजून कोणी लिहिलेली मला दिसली नाही.

मराठी रहस्यकथांतली सर्वांत जुनी चूक म्हणजे शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार इन्स्पेक्टरसमोर सगळे कबूल करतो आणि पडदा पडतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ आहे. त्या कबुलीमुळे लपवलेले हत्यार सापडले, तर मात्र तेवढा भाग चालतो, आणि अनुभवी लेखकाने या फटीतूनच कथानक ओढून न्यावे. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. पंचनाम्याला पंच लागतात आणि ते बहुधा शेजारचे दुकानदार किंवा वाटेने जाणारे असतात. कटकट नको म्हणून पंच व्हायला नकार देणारा माणूस हे आपल्याकडचे अत्यंत खरे पात्र आहे, पण कथांत ते क्वचितच भेटते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, तेव्हा रुमालात पिस्तूल गुंडाळून खिशात टाकणारा आपला हवालदार आता निवृत्त करावा.

खासगी गुप्तहेराला आपल्या कायद्यात कोणतेही विशेष अधिकार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. तो कोणाची झडती घेऊ शकत नाही आणि कोणाला जबाबासाठी बोलावू शकत नाही. यामुळे कथा अडते असे नवोदितांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. ज्याच्या हातात शिक्का नाही त्यालाच माणसांशी नीट बोलावे लागते, आणि कथा तिथेच घडते.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा रहस्यकथांच्या मागे लागला आहे. अशा महोत्सवाला मुलांना आणणे योग्य होईल का?
— एक आई, सहकारनगर

उत्तर : अवश्य आणावे, मात्र सकाळच्या सत्राला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आला आणि त्याने कित्येक पिढ्यांना संशय घ्यायला शिकवले. त्यातली एकही पिढी बिघडल्याचे ऐकिवात नाही. आपल्या मुलाला चिठ्ठीवर खुन्याचे नाव लिहायला बसवा. मुले बहुधा मोठ्यांच्या आधी ओळखतात, कारण त्यांना लेखकाच्या भाषेचे कौतुक करायचे नसते.

प्रश्न : शाळेत असताना आमच्या भागातल्या एका भाड्याच्या वाचनालयातून मी एक रहस्यकथा आणली होती. शेवटची चार पाने नव्हती. नाव आठवत नाही. बंगला होता, बंद पडलेले घड्याळ होते आणि नायक वेशांतर करून यायचा. खुनी कोण हे मला अजून कळलेले नाही. ते पुस्तक कसे शोधावे?
— एक वाचक, नाना पेठ

उत्तर : आपण एकटे नाही. माझ्याही लहानपणी आमच्या पेठेतल्या वाचनालयात शेवटची पाने गायब असलेली पुस्तके सर्रास मिळत, आणि मालकांना विचारले तर ते पूर्ण भाडे घेऊन वर म्हणत, अंदाज कर. अंदाज करण्याचे माझे शिक्षण तिथेच झाले, तरी तीन-चार खुनी अजून मोकळे फिरत आहेत.

बंगला आणि घड्याळ यांनी काही साधणार नाही, ते शेकडो पुस्तकांत सापडतील. नायकाचे नाव आठवून पाहा. झुंजार किंवा काळा पहाड असेल तर अर्णाळकर, दारा बुलंद किंवा फिरोज इराणी असेल तर शिरवळकर. नायकावरून लेखक सापडतो, लेखकावरून यादी आणि यादीवरून एखाद्या नावाची घंटा वाजते. १८४८ पासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय येथे चौकशी करावी, आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तके विकणाऱ्यांना लेखकाचे नाव सांगून ठेवावे, पुस्तकाचे नव्हे. ते नायकाच्या आणि लेखकाच्या नावानेच गठ्ठे लक्षात ठेवतात.

तेही जमले नाही, तर हडपसरच्या कार्यवाहांचा महोत्सव होईल त्या दिवशी येऊन त्यांच्या वहीत आपली आठवण लिहा. मुखपृष्ठावर काय होते, कोणत्या खोलीत प्रेत सापडले, कोणत्या पात्राचा आपल्याला संशय होता, हे सगळे लिहा, आणि खाली पान कोरे सोडा. आपल्याकडे नसलेली ती चार पाने कोणाच्या तरी ट्रंकेत असू शकतात.